आतली कडी

माझ्या आयुष्यात मला एकदाच मिशी आली, आणि तिनं भर गल्लीत माझा घात केला.

मिशी खोटी होती हे आधीच सांगते, कारण मी बाई आहे. पण काय मिशी होती! दोन्ही टोकांना पीळ, मधे दाट झुपका, आणि चिकटवायच्या डिंकाला असा वास की पहिली पाच मिनिटं डोळ्यांतून पाणी यायचं. कोल्हापुरात नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून मी ती स्वतः निवडून आणली होती. दुकानदारानं काउंटरवर तीन मिश्या मांडल्या. "ही जावयाची, ही फौजदाराची, आनि ही मालकाची," तो म्हणाला. मी मालकाची उचलली.

काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. मी तिशीतली, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांना गप्प बसवायचं आणि संध्याकाळी स्वतः बोंबलायचं, असा माझा दिनक्रम. रंकाळ्याजवळ एका मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही सात जणी पथनाट्याची तालीम करायचो. आमच्यात पुरुष नव्हतेच असं नाही, पण ते चहाच्या वेळेला यायचे आणि सूचना करून जायचे. त्यामुळे नाटकातला प्रत्येक राजा, फौजदार, सासरा आणि मालक माझ्या वाट्याला यायचा. उंची माझी, आवाज माझा. शिवाय आमच्या भागात बायकाही स्वतःबद्दल बोलताना ‘येतो, जातो’ म्हणतात, त्यामुळे जिभेला वेगळं वळण लावायची गरज नव्हती.

त्या वर्षी एक निवृत्त प्राध्यापक आमच्या गच्चीवर आले. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला डिसेंबरात पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि सरांना तो गावोगाव पोचवायचा होता. त्यांच्या हातात एक पातळ पुस्तिका होती. तीस कलमं. जगण्याचा हक्क, छळ न होण्याचा, हिंडण्याफिरण्याचा, लग्नाला हो किंवा नको म्हणण्याचा, संघटना बांधण्याचा, शिकण्याचा, आणि चक्क विश्रांतीचा. विश्रांतीचं कलम ऐकल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "सर, हे पान मला फाडून द्या. सासूबाईंच्या देव्हाऱ्यापाशी ठेवते."

मी विचारलं, "पण वैश्विक जाहीरनामा म्हणजे नेमकं काय हो?"

"वैश्विक म्हणजे कुणालाही वगळायचं नाही," सर म्हणाले. "जो तुम्हाला अजिबात आवडत नाही, त्यालासुद्धा."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

नाटक बसलं. तीस हक्क, तीस मिनिटं. दर मिनिटाला कुणीतरी माझ्याकडून एक हक्क हिसकावून घ्यायचं आणि मी मिशीला पीळ देत मागं सरकायचे. राधानगरीला पावसात दूध संकलनाच्या शेडखाली प्रयोग केला. माणसं वीस आणि म्हशी तीस. कळंब्याला तुरुंगाच्या अलीकडच्या चौकात केला. तिथं एका गृहस्थांनी प्रयोगानंतर विचारलं, "म्हंजे ह्ये हक्क आतल्या कैद्यास्नीबी हायत?"

"व्हय, त्यांनाही आहेत."

"मग भायेरच्यास्नी कवा मिळायचं?"

चौक हसला. मीही हसले. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मग आलं कबनूर.

इचलकरंजीला लागून असलेलं हे गाव मागांचं. एका यंत्रमागाचा आवाज म्हणजे कुणीतरी रिकामं लोखंडी पिंप दगडी जिन्यावरून खाली सोडावं तसा. अशा चोवीस मागांची एक शेड, आणि आम्ही निवडलेल्या गल्लीत तशा शेड दहा-बारा. आमचा हिशेब असा होता की दुपारी जेवणाची सुट्टी होईल, माग थांबतील, आणि कामगार बाहेर येतील. कामगार आलेही. माग काही थांबले नाहीत. एक जण जेवायला बाहेर पडताना दुसऱ्याला नुसती मान हलवतो, आणि दुसरा त्याचेही माग बघतो. आम्हाला हे कोण सांगणार?

तरी आम्ही नाटक केलं. मी अशी काही ओरडले की गळ्याच्या शिरा बाहेर आल्या. शेडच्या दारांत बायका उभ्या होत्या. केसांवर सुताचा भुरा, हातात डबे, आणि नजर आमच्या तोंडांवर खिळलेली. इतकं लक्ष देऊन बघणारे प्रेक्षक मला आधी कधी मिळाले नव्हते. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्याही ऐकू आल्या नाहीत, नुसत्या दिसल्या. मी मिशीसकट वाकून तीनदा नमस्कार केला.

त्या बायकांतली एक चाळिशीची, काटक बाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या गिरणीच्या मागं आवाज जरा कमी होता. तिनं आम्हाला तिकडं नेलं. तिला सगळ्या अक्का म्हणत होत्या, म्हणून मीही म्हणू लागले.

"बाई, नाटक झ्याक झालं," अक्का म्हणाली. "पन त्यो मालक काय म्हनत हुता?"

"म्हणजे?"

"समद्यांचं कळालं. पोलिसाला जाब इचारनारी, शाळंत जानारी पोरगी, समद्यांचं. मालकाचं तेवढं एक अक्षर कळालं न्हाय."

मला झोंबलं. "अहो, सगळ्यांत मोठा आवाज माझा होता!"

"आवाज कुनाला ऐकू येतोय हितं? आमी त्वांड वाचतो. तुमी मिशीत बोलत हुतासा."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या मैत्रिणींनी पदराचीही तसदी घेतली नाही.

मग अक्कानं समजावलं. शेडमध्ये बोलून काही उपयोग नसतो. माणसं एकमेकांचे ओठ बघतात, आणि उरलेलं हातांनी बोलतात. पाणी हवं, डबा आला, मालक आला, घरी पाहुणे आलेत, प्रत्येकाची खूण ठरलेली. सगळ्यांत महत्त्वाची खूण सूत तुटल्याची. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवायच्या आणि झटक्यानं बाजूला ओढायच्या. ती खूण दिसली की कुणीही असो, जवळचा माणूस धावत जाऊन माग बंद करतो. नाहीतर पुढचं सगळं कापड खराब.

मी तांब्यातलं पाणी प्यायले आणि तांब्या तिच्याकडं केला. "तुम्ही घ्या की."

"नगं."

"उन्हाचं उभ्या होतात, घ्या."

"बाई, आमी सकाळी आठला आत जाताना पानी पितो, ते सांजच्याला सातला भायेर पडल्यावर."

आणि मग तिनं जे सांगितलं ते मी मिशी हातात धरून ऐकलं.

अक्का आणि तिच्याबरोबरच्या दहा जणी कांड्या भरायचं काम करायच्या. मागाच्या धोट्यात सुताची जी छोटी नळी बसते, ती कांडी. कांडी संपली की माग थांबतो, म्हणून बायका दिवसभर भरत राहतात. त्या शेडमध्ये बायकांसाठी शौचालय नव्हतं. पूर्वी मागं मोकळं रान होतं, तिथं आता नव्या शेड उभ्या राहिल्या होत्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला मालकाचं घर. त्याच्या परसात एक संडास, त्याला कुलूप, आणि किल्ली मालकाच्या म्हाताऱ्या आईच्या कमरेला. त्यांना सगळी गल्ली कानडी वळणानं अव्वा म्हणायची. अव्वा दुपारी बारा ते चार झोपायच्या. त्या जाग्या असल्या तरी किल्ली मागायची ती घराच्या पुढच्या कट्ट्यावर बसलेल्या पुरुषांच्या देखत.

"दोन वर्सामागं मालकाला म्हनलो, हितंच एक बांधा," अक्का म्हणाली. "तर म्हनला, घराकडं हाय की. फकस्त एकट्या-दुकट्या जाऊ नगा, बाईमानसानं गल्लीतनं एकटं हिंडू नये. झालं. त्येच्यापेक्षा पानीच नगं."

पाणी न पिण्याची किंमत तिनं मोजली होती. वर्षभरात तीनदा थंडीताप आणि लघवीतून रक्त. डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं होतं की दिवसभर पाणी पी, नाहीतर काम सोड. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडं जातील. काम सोडता येत नव्हतं. नवरा वारलेला, मुलगी नववीत, घरात मिळवती ती एकटी.

"तुमच्या त्या तिसात ह्ये कितवं?" तिनं विचारलं.

मी पिशवीतून पुस्तिका काढली. पहिलं पान, शेवटचं पान, मधलं पान. प्रतिष्ठा होती, आरोग्य होतं, कामाची न्याय्य परिस्थिती होती, खाजगीपणा होता. संडास कुठंच नव्हता. अकरा बायका माझ्या ओठांकडं बघत होत्या, आणि आता मिशीही नव्हती.

"बघून सांगते," मी म्हणाले.

"बगा," अक्का म्हणाली, आणि मान हलवून कामावर परतली.

परतीच्या एसटीत मी कुणाशी बोलले नाही. माझ्या मैत्रिणींच्या म्हणण्याप्रमाणे असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. त्यांनी पुस्तिका उलगडली, पेन्सिलीनं तीन-चार ठिकाणी खुणा केल्या आणि म्हणाले, "एका कलमात नाही, चार कलमांत आहे. कामाच्या जागेचा कायदाही तिच्या बाजूनं असणार. पण एक लक्षात ठेवा. त्यांचं म्हणणं त्यांनीच मांडायचं. तुम्ही जाऊन भाषण ठोकू नका."

"मी कधी भाषण ठोकते?"

सरांनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली.

मागांच्या सुट्टीच्या दिवशी मी अक्काच्या घरी गेले. दोन खोल्या, सारवलेली जमीन, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि त्याला ताजा हार. अकराही जणी जमल्या होत्या. मी पहिलं कलम वाचलं, सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि सारखी. अक्का म्हणाली, "बाई, ह्ये आमास्नी सांगायला तुमी कोल्हापुरास्नं यायला नगं हुतं. ह्ये आमच्या भित्तीवर हाय. बाच्या मांडीवर बसून ऐकलंय मी. फुडचं बोला."

मी पुढचं बोलले. पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. बायकांनी मग आपापली यादी सुरू केली. एकीला पंखा हवा होता, एकीला आठवड्याची पगारी सुट्टी, एक म्हणाली मुकादमाला आधी माणसासारखं बोलायला शिकवा. अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"समदं बराबर हाय. पन तीस एकदम मागितलं तर एकबी मिळत न्हाय. पैलं एकच. शेडमागं संडास, त्यात पान्याचा नळ, आनि दाराला आतनं कडी."

"कडी तर असतेच की दाराला," मी म्हणाले.

"अव्वाच्या दाराला न्हाय. एका हातानं दार धरून बसावं लागतंय."

दर भेटीत मला असं गप्प करायचा तिनं नेमच धरला होता जणू.

आता मालकाला हे सांगायचं कसं? शेडमध्ये बोलता येत नाही, घरी गेलं तर तो जेवत असतो, आणि एकटं गाठलं तर ‘बघू’ म्हणतो. बोलता बोलता एकीनं खंडेनवमीचं नाव काढलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागांची पूजा असते. वर्षातला तो एक दिवस जेव्हा सगळी गल्ली बंद असते. मालक येतो, त्याचं घर येतं, कामगार बायकापोरांसकट येतात.

"त्या दिशी नाटक करूया," मी उसळून म्हणाले. "मी मालक होतो!"

"तुमी बसून बगा," अक्का म्हणाली. "मिशी हिकडं द्या."

मिशी दिली. आयुष्यात एवढ्या जड हातानं मी कुणाला काही दिलेलं नाही.

खंडेनवमीला शेडमध्ये पाऊल टाकलं आणि माझ्याच चपलांचा आवाज ऐकून मी दचकले. चोवीस माग धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभे होते. खरा मालक मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून पाहिला. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, आणि चेहरा गुळगुळीत. मिशीच नव्हती! तरुणपणी तो स्वतः माग चालवायचा. त्या आवाजात हुकूम सोडायचे तर ओठ दिसावे लागतात, हे त्याला माझ्या आधी कळलेलं होतं.

नारळ फुटला, पेढे वाटले. अक्का पुढं आली. "मालक, पाच मिन्टं खेळ दावतो आमी."

"दावा की! सनाचं खेळायलाच पायजे," म्हणत तो अव्वांशेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसला.

अक्कानं मिशी काढली आणि कपाळावर चिकटवली. "ओठ मोकळं पायजेत," माझ्याकडं बघून म्हणाली. तिथंच पहिला हशा झाला.

त्यानंतर कुणी एक शब्द बोललं नाही. इतक्या शांत शेडमध्ये, जिथं टाचणी पडली तरी ऐकू आली असती, अकरा बायकांनी सगळं नाटक हातांच्या खुणांनी केलं. पाच जणी माग झाल्या, हात पुढं-मागं, पुढं-मागं. एक अव्वा झाली आणि कमरेला किल्ली खोचून घोरू लागली. एक कांडीवाली. ती पाणी प्यायली आणि थोड्या वेळानं पायावर पाय टाकून वळवळू लागली. पुरुष हसून हसून लोळायला लागले. खरा मालकही हसत होता. खऱ्या अव्वांनी तर टाळी वाजवली.

कांडीवाली अव्वाकडं गेली. अव्वा झोपलेली. मालकाकडं गेली. कपाळावर मिशी मिरवणाऱ्या मालकानं दूर, गल्लीच्या टोकाकडं बोट केलं. ती परत आली. पुढच्या वेळी पाण्याचा तांब्या समोर आला तेव्हा तिनं तो बाजूला सारला. पुन्हा आला, पुन्हा सारला. माग पुढं-मागं. आता ती कपाळाला हात लावत होती, कमर धरत होती. हसणं कमी कमी होत गेलं. गल्लीतल्या सगळ्यांना खुणा येत होत्या, मालकाला तर सगळ्यांत चांगल्या. न कळल्याचं सोंग घ्यायची सोयच नव्हती.

शेवटी अकराही जणी एका रांगेत मालकासमोर उभ्या राहिल्या. मुठी एकमेकींना चिकटवल्या आणि झटक्यानं बाजूला ओढल्या.

सूत तुटलं.

मी शपथेवर सांगते, मालक खुर्चीतून अर्धा उठला. चाळीस वर्षांची सवय. मग बंद माग बघून परत बसला.

"कळालं की," तो म्हणाला. "पन ह्ये असं समद्यांम्होरं दावायचं व्हय?"

अक्कानं कपाळावरची मिशी काढली. "आमी रोज समद्यांम्होरंच किल्ली मागतो न्हवं, मालक?"

तेवढ्यात अव्वा उठल्या. त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि अक्काच्या हातावर ठेवली. "मीबी कांड्या भरल्यात गं," त्या म्हणाल्या. "कुनी ध्यानात आनून न्हाय दिलं. ठेव तुज्याकडं."

माझ्या डोळ्यांत पाणी, आणि या वेळी डिंकाचं नव्हे. मला वाटलं नाटक संपलं, पडदा टाकावा. अक्काला तसं वाटलं नाही.

"अव्वा, किल्ली घेतो. पन कडी बसंपतूरच," ती म्हणाली. "मालक, शेडमागं संडास, त्यात नळ, आनि दाराला आतनं कडी. कवा बांधतासा?"

"दिवाळी होऊ दे. बगू."

‘बगू’ ऐकल्याबरोबर अकरा जणींनी एकमेकींकडं बघितलं. ओठ वाचणाऱ्या बायका त्या. मालकाच्या ओठांवरचं ‘बगू’ त्यांना पाठ होतं.

दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि माग सुरू झाले. आणि बायकांनी पाणी प्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, तांब्यावर तांब्या. एकीला लागली की अकराही जणी उठायच्या. किल्ली हातात घेऊन अक्का पुढं, मागं दहा जणी, शेडमधून निघून सगळी गल्ली ओलांडून मालकाच्या परसापर्यंत, आणि तशाच परत. तासातून एकदा तरी. तेवढ्या वेळात कांड्या संपायच्या आणि एकेक माग गप्प व्हायचा. शेजारच्या शेडमधली माणसं दारात येऊन बघायची. मी सुट्टी टाकून एक दिवस ते बघायला गेले होते. अशी मिरवणूक मी कोल्हापुरात कुठल्याही पेठेत पाहिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी मालकानं गल्लीतच अडवलं. "अगं, एकीला लागली तर एकीनं जावा की!"

"असं कसं मालक?" अक्का म्हणाली. "तुमीच म्हनालासा न्हवं, बाईमानसानं गल्लीतनं एकटं हिंडू नये?"

कट्ट्यावरचे पुरुष एवढे हसले की मालकाला पण हसू आवरेना. हसता हसता तो चिडला, आणि चिडता चिडता म्हणाला, "तू वकील व्हायला पायजे हुतीस."

"पोरीला करतो की. आधी कडी."

चौथ्या दिवशी गवंडी आला.

इथं मी गोष्ट संपवली असती, पण अक्कानं मला तशी सवय ठेवली नाही. दिवाळी झाली, बांधकाम झालं, नळ आला, दार बसलं. मालकानं मोठ्या दिमाखात सगळ्यांना बोलावलं. दाराला कडी होती, चांगली जाड, पितळी. बाहेरून! सुतारानं आयुष्यभर गोदामांना आणि गोठ्यांना दारं बसवलेली. आतून बंद करायचं दार असतं, हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं.

"झालं न्हवं आता?" मालक म्हणाला.

"भायेरनं कडी लावून कुनाला कोंडायचंय मालक?" अक्का म्हणाली.

"अगं, ती तर दोन रुपायाची कडी. तूच आनून लाव की!"

"आनली असती. पन तुमीच लावायची. कडी तुमच्या हातानं बसली म्हंजी उद्या तुमी काढनार न्हाय."

आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अकरा जणींची रांग गल्लीतून अव्वांच्या परसाकडं. नवा संडास तसाच उभा, नळाला पाणी, आणि कुणी आत जायला तयार नाही. मला एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मीसुद्धा म्हणाले, "आता ही जरा अतीच करतेय." हे मी आज कबूल करते. दार एका हातानं धरून बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

डिसेंबरचा दहावा दिवस उजाडला. जाहीरनाम्याची पन्नास वर्षं. सरांनी कोल्हापुरात हॉल घेतला होता. पाहुणे, भाषणं, हार, आणि शेवटी आमचं नाटक. सकाळीच अक्काचा निरोप आला. मालकानं आतून कडी बसवली आहे, या.

मी सरांकडं गेले. "सर, मला कबनूरला जायचंय."

"आज? आणि मालक कोण करणार?"

"माझ्याकडं मिशीच नाही. ती तिच्याकडं राहिली."

सरांनी एकदा हॉलबाहेरच्या कापडी फलकाकडं बघितलं. मग म्हणाले, "जा. आणि कडी खरंच आतून आहे का, ते स्वतः बघून या. नुसतं ऐकून येऊ नका."

मी पोचले तेव्हा माग चालू होते. कोण थांबवतंय? शेडच्या मागं अकरा जणी उभ्या होत्या, आणि दाराच्या चौकटीवर खिळ्याला माझी मिशी टांगलेली, नजर लागू नये म्हणून. मालक जरा लांब, हाताची घडी घालून. अव्वा खुर्चीवर. अक्कानं मला बघून मान हलवली. मग तिनं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा सगळा रिकामा केला. भर दुपारी, कामाच्या वेळेत, मालकाच्या देखत. ती एवढं पाणी निवांत पिताना मी पहिल्यांदाच बघत होते. पुढच्या कितीतरी वर्षांत, दोन हजार सालानंतरही आम्ही भेटत राहिलो, आणि तो थंडीताप तिला पुन्हा आला नाही. पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. त्या दुपारी फक्त रिकामा तांब्या होता.

तांब्या माझ्या हातात देऊन ती आत गेली. दार लागलं.

मला सरांचं वाक्य आठवलं. खरं सांगायचं तर खोडीही सुचली. मी पुढं झाले आणि दार ढकललं. हललं नाही. खांदा लावून ढकललं. तरी नाही. मागं बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या आणि मालक कपाळाला हात लावून माझ्याकडं बघत होता.

आतून अक्का काहीतरी ओरडली. बहुधा मलाच. चोवीस मागांच्या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि बंद दारातून ओठ काही वाचता येत नाहीत.